‘बेटर कॉल सॉल’चा शेवट: जिमीची कबुली किमसाठी की चकसाठी?

राजेंद्रनगरकर

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘बेटर कॉल सॉल’ या अमेरिकन मालिकेचा शेवट ही जिमी आणि किमची प्रेमकथा नाही. ती दोन भावांची गोष्ट आहे, आणि कोर्टातली शेवटची कबुली जिमीने चकला दिलेली आहे. आमच्या इंदूरच्या मंडळींत यावरून परवा चांगलंच वाजलं. जेवणं आटोपली, पानं उचलली गेली, तरी वाद मिटेना, म्हणून इथे मांडतोय. मालिका पाहिली नसेल त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं फोडलेलं आहे.

पाहून बराच काळ झाला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मालिका २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि १५ ऑगस्ट २०२२ ला संपली. सहा सीझन, ६३ भाग. चक मॅकगिल हा थोरला, नामांकित वकील, मोठ्या फर्ममध्ये भागीदार. विजेचा त्रास होतो असं वाटत असल्याने घरात कंदिलावर राहणारा. जिमी धाकटा. शिकागोत लोकांना टोप्या घालायचा, चकने त्याला तुरुंगातून सोडवून आणलं आणि फर्ममध्ये टपाल वाटायच्या कामाला लावलं. तिथे राहून त्याने गुपचूप पत्रद्वारा कायद्याचा अभ्यास केला आणि सनद मिळवली. चकला ते कधीच पचलं नाही. किम ही त्याच फर्ममधली वकील, पुढे जिमीची बायको. तिसऱ्या सीझनच्या शेवटी चक स्वतःच्या घरात कंदील लाथाडून आगीत मरतो. पुढचे तीन सीझन जिमी त्याच्याबद्दल जवळपास बोलतच नाही. तो ‘सॉल गुडमन’ होतो, ड्रग्जच्या धंद्याचा वकील होतो, पळतो, पकडला जातो. शेवटच्या भागात सरकारी वकिलांशी घासाघीस करून तो शिक्षा सात-साडेसात वर्षांवर आणतो आणि मग भर कोर्टात ती तडजोड स्वतःच मोडतो. सगळं कबूल करतो. ८६ वर्षं पदरात पडतात.

आता माझा मुद्दा. जिमीने या मालिकेत चकच्या बाबतीत दोनदा कबुली दिली आहे. पहिली दुसऱ्या सीझनच्या शेवटी. चकच्या अशिलाच्या कागदांत त्याने पत्त्याचा आकडा बदलला होता, १२६१ चे १२१६ केले होते. त्या चुकीने चक इतका खचला की वकिली सोडायला निघाला. भिंतींना चंदेरी पत्रे ठोकून, अंधारात पांघरुणात बसलेला. त्याला त्या अवस्थेत पाहवेना म्हणून जिमी म्हणाला, चूक तुझी नव्हती, मी केलं. भावाला वाचवायला दिलेली ती कबुली, आणि चकने ती लपवलेल्या टेपवर धरली.

दुसरी कबुली शेवटच्या भागात. तिथे सापळा नाही. कुणी विचारलेलंही नाही. सरकारी वकिलांच्या आरोपांत चक कुठेच नाही. तरी जिमी किमबद्दल बोलून झाल्यावर थांबत नाही, चकवर येतो. मी त्याला मदत करायला हवी होती, उलट त्याच्या विमा कंपनीकडे जाऊन त्याची वकिली बंद पडेल असं केलं, आणि त्यानंतर त्याने जीव दिला, असं म्हणतो. त्याच्या शेजारी बसलेला वकील नंतर हळूच म्हणतो की भावाचं ते प्रकरण तर गुन्हासुद्धा नव्हतं. जिमी म्हणतो, होता.

या प्रसंगात कॅमेरा कोर्टाच्या दारावरच्या ‘बाहेर’ लिहिलेल्या दिव्याकडे जातो आणि विजेची बारीक घरघर ऐकू येते. तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात, जिमीच्या सनदेवरच्या सुनावणीत, अशाच दिव्याकडे चक बघत होता. दिग्दर्शक पीटर गूल्डने तो दिवा किमसाठी तर नक्कीच लावलेला नाही.

काळा कोट

दादा, दिवा मान्य, निष्कर्ष नाही. मी इंदूर खंडपीठात आणि जिल्हा कोर्टात वकिली करतो, त्यामुळे तो भाग मी कोर्टाचा क्रम लावत बघितला. तुम्ही क्रमच उलटा लावलाय.

तडजोडीच्या बैठकीत जिमीला कळतं की चकच्या फर्ममधला भागीदार हॉवर्ड हॅमलिन याच्या मृत्यूबद्दल किमने आधीच शपथेवर सगळं लिहून दिलंय, आणि मग विमानात कळतं की आता हॉवर्डची बायको तिला दिवाणी दाव्यात घर-दार विकायला लावू शकते. त्यानंतर तो सरकारला सांगतो की माझ्याकडे किमविरुद्ध आणखी माहिती आहे. ते खोटं आहे. ते सांगितल्यामुळेच किम कोर्टात येऊन मागे बसते, आणि ती आलीय हे पाहिल्यावरच हा तोंड उघडतो. सगळा घाट तिच्यासाठी घातलेला आहे. ती खरी वागली, तर मीही तिच्या डोळ्यांदेखत खरा वागेन, एवढी साधी गोष्ट. चकचं नाव त्या ओघात येतं. धरण फुटलं की मागे साचलेलं सगळंच वाहून येतं.

कायद्याचंही सांगतो, कारण लोकांना ही तडजोड फार सिनेमातली वाटते. आपल्याकडेही गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घ्यायची तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली. पण ज्या गुन्ह्यांना सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा आहे त्यांना ती लागूच नाही. जिमीवर जे आरोप होते त्यांत आपल्याकडे अशी बोलणीच झाली नसती. तिकडे तो ती करू शकला आणि सोडूही शकला, म्हणून त्या सोडण्याला किंमत आहे. आणि ती किंमत त्याने समोर बसलेल्या माणसासाठी मोजली. मेलेल्या माणसासाठी कुणी ८६ वर्षं घेत नाही.

थोरली

काळा कोट, शेवटचं वाक्य मागे घ्या. मेलेल्या माणसासाठी लोक अख्खं आयुष्य घालवतात. आपल्या घराघरांत आहेत अशी माणसं.

मी चारांतली मोठी. त्यामुळे या मालिकेत सगळे चकला शिव्या घालतात तेव्हा मला राग येतो. चकने नेमकं काय पाहिलं होतं? वडिलांचं दुकान बुडालं. चकने वह्या तपासल्या तेव्हा १४,००० डॉलर गेलेले निघाले. वडिलांना ऐकूनही घ्यायचं नव्हतं की धाकटा गल्ल्यात हात घालतो. दुकान विकलं, सहा महिन्यांत वडील गेले, आणि त्यांच्या अंत्यविधीत सगळ्यांत मोठ्याने रडला तो जिमी. हे चक किमला सांगतो तेव्हा त्याचा चेहरा बघा. चकचं काम करणाऱ्या मायकल मकीनने तिथे आवाज अजिबात चढवलेला नाही.

आणि आई. दोघं भाऊ दवाखान्यात तिच्या उशाशी बसलेले. जिमी खायला आणायला बाहेर गेला तेवढ्यात आई शुद्धीवर आली. समोर चक, आणि ती हाक मारते ‘जिमी, जिमी’. आणि जाते. रात्रंदिवस बसलेला हा, नाव त्याचं. जिमी परत आल्यावर विचारतो, काही बोलली का, आणि चक म्हणतो, नाही. ज्याने हे कधी सोसलेलं नाही त्याने चकला दुष्ट म्हणू नये.

मोठ्याने सगळं नीट करायचं आणि लाडका धाकटाच राहायचा, हे काय अमेरिकेतच घडतं? म्हणून मला शेवट पटतो. शेवटी एकदा कुणीतरी म्हणालं की चकवर अन्याय झाला. आणि ते जिमीच म्हणाला.

धाकटी पाती

ताई, आईचा प्रसंग मलाही चटका लावतो. पण तुम्ही त्याच्यावरून चकला सोडून दिलंत आणि मला ते चालणार नाही. तो प्रसंग चकच्या दुःखाचा आहे तितकाच त्याच्या चोरीचाही आहे. आईचा शेवटचा शब्द जिमीचा होता. तो त्याने ठेवून घेतला.

आता जिमी रोज काय करत होता ते आठवा. चकला विजेचा त्रास होतो म्हणून घरात दिवा नाही, फ्रीज नाही. जिमी रोज सामान आणायचा, बर्फ आणायचा, त्याला लागतात तीच वर्तमानपत्रं आणायचा. आत शिरण्याआधी मोबाइल, घड्याळ, किल्ल्या बाहेरच्या टपालपेटीत ठेवायचा. हे सगळं एक वर्षाहून जास्त, स्वतःची वकिली ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीतून चालवत.

आणि पहिल्या सीझनचा नववा भाग. वृद्धाश्रमाची इतकी मोठी केस जिमीने कचऱ्यातल्या फाडलेल्या कागदांच्या पट्ट्या जुळवून उभी केली. ती घेऊन तो फर्ममध्ये गेला तर हॉवर्डने सांगितलं, केस आम्हाला दे, तुला नोकरी नाही. जिमी हॉवर्डला शिव्या देऊन घरी आला. मग त्याच्या ध्यानात आलं की टपालपेटीतल्या त्याच्या फोनची बॅटरी सकाळी उतरलेली होती. ज्या चकला फोनजवळ गेलं तरी भोवळ येते, त्याने रात्री तो फोन उचलला होता. कशाला? हॉवर्डला सांगायला की माझ्या भावाला घेऊ नकोस. आणि हे पहिल्यांदा नव्हतं. जिमी वकील झाला तेव्हाही नोकरी चकनेच अडवली होती, आणि वाईटपणा हॉवर्डच्या माथी मारला होता.

म्हणजे धाकट्याकडून सेवा घ्यायची, त्याच्यासमोर त्याची पाठ थोपटायची, आणि पाठीमागे त्याचं दार बंद करायचं. शेवटची भेट आठवा. जिमी समेटाला गेलाय, आणि थोरला भाऊ थंडपणे सांगतो की खरं सांगायचं तर तू मला कधीच तितका महत्त्वाचा वाटला नाहीस.

मला शेवट पटत नाही तो यासाठी. ८६ वर्षं भोगायला निघालेला माणूस कोर्टात उभा राहून अशा भावाची माफी मागतो आणि आपण टाळ्या वाजवायच्या? चक म्हणायचा, जिमी कधी सुधारणार नाही, कायदा त्याच्या हातात म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. लेखकांनी शेवटी चकचाच निकाल कायम केला. धाकटा तुरुंगात, थोरला बरोबर.

नुसता वाचक

धाकटी पातीशी सहमत. थोडी भर: चकने मृत्युपत्रात जिमीला ५,००० डॉलर ठेवले. फक्त इतकेच की त्याला मृत्युपत्राला आव्हान देता येऊ नये. यापुढे काय बोलणार.

लोकमान्य नगर

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून आजारावर लिहिते. या धाग्यात तो अजून नीट आलेलाच नाही आणि त्याच्याशिवाय दोघांचंही माप चुकतं.

चकला वाटतं की विजेच्या उपकरणांनी त्याला त्रास होतो. अशी तक्रार असणारी माणसं खरोखर असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये याबद्दल टिपण काढलं होतं. त्रास खरा असतो, कधी कधी माणसाला निकामी करण्याइतका. पण तो विद्युतचुंबकीय लहरींमुळे होतो याला शास्त्रीय आधार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. उपकरण चालू आहे की बंद हे माणसाला न सांगता केलेल्या प्रयोगांत त्यांना फरक ओळखता आलेला नाही. मालिकेने हे पहिल्याच सीझनमध्ये दाखवलं. दवाखान्यात डॉक्टर चकच्या नकळत पलंगाचं बटण चालू करतात आणि त्याला काहीही होत नाही. जिमी ते बघतो.

म्हणजे जिमीला पहिल्यापासून माहीत होतं. डॉक्टर म्हणत होते, याला मनोरुग्णालयात ठेवू या. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तर जिमीकडे तात्पुरतं पालकत्वही आलं होतं, एक सही केली असती की झालं. त्याने केली नाही. चकचा मान राखला. हे प्रेम आहे, यात मला शंका नाही.

पण त्याच माणसाने तेच गुपित नंतर भर सुनावणीत वापरलं. आधी चकच्या घटस्फोटित बायकोला बोलावून आणलं. तिच्यापासून चकने हा आजार जिवापाड लपवला होता. मग साथीदाराकडून चकच्या कोटाच्या खिशात पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सरकवली. चक साक्ष देत राहिला आणि मग जिमीने सांगितलं की ती १ तास ४३ मिनिटं तुझ्या खिशात आहे. आजारी माणसाला ‘तुला काही झालेलंच नाही’ हे पटवून द्यायची यापेक्षा क्रूर रीत मला माहीत नाही. तरी चक त्यातूनही उभा राहत होता. डॉक्टरकडे जाऊ लागला होता, दुकानात जाऊन स्वतः सामान आणू लागला होता. घरात दिवे लागले होते. तेव्हा विम्याचं प्रकरण आलं.

त्या विम्याच्या प्रसंगात जिमी आपल्या हप्त्याचे पैसे परत मागायला गेलेला असतो. मिळत नाहीत म्हटल्यावर रडायला लागतो, आणि रडता रडता भावाच्या कोसळण्याची बातमी पेरतो. बाहेर पडताना चेहरा कोरडा. कंपनीने फर्मचा हप्ता वाढवला, हॉवर्डने स्वतःच्या खिशातून ३० लाख डॉलर काढून चकला निवृत्त केलं, आणि काम गेल्यावर चककडे धरायला काही उरलं नाही. मुख्य कारण काय, असं मला कुणी विचारलं तर मी एकट्या जिमीला दोषी धरणार नाही, आत्महत्येला कधीच एक कारण नसतं. पण जिमीने कोर्टात बोट ठेवलं ते नेमक्या जागी ठेवलं. बॅटरीवर नाही, टेपवर नाही, आकडे बदलण्यावर नाही. विम्यावर. कारण बाकी सगळं लढाईत झालं होतं, आणि हे लढाई संपल्यावर, निव्वळ खुनशीपणाने.

काळा कोट

लोकमान्य नगर, हे फार नेमकं लिहिलंत. वकील म्हणून एक जोडतो. आपल्याकडे सनद देते ती मध्यप्रदेश राज्य बार कौन्सिल, जबलपूरहून. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रारही तिकडेच जाते, १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली. अशा चौकशीत सनद कायमची रद्द होऊ शकते. चकला तेच हवं होतं. टेप हे त्याचं आमिष होतं. जिमी ती फोडायला घरात घुसेल हे ओळखून त्याने खासगी गुप्तहेर आणि हॉवर्डला घरात साक्षीला बसवून ठेवलं होतं. सख्ख्या भावाला रागाच्या भरात घरी यायला लावायचं आणि मग घरफोडीची तक्रार करायची. कायद्याचा इतका आदर करणाऱ्या माणसाने रचलेला हा बनाव आहे, हे विसरू नका. जिमीला शेवटी एका वर्षाचं निलंबन मिळालं, आणि बॅटरीचा खेळ झाला नसता तर सनद गेलीच असती. त्याला पर्याय काय होता?

भावाभावांचे वाटणीचे दावे मी इंदुरात वर्षानुवर्षं चालवतोय. जुन्या वाड्याचे दोन भाग, तीन भाग. वादपत्रात लिहिलेलं असतं किती चौरस फूट, कुठला जिना कुणाचा. उलटतपासणीत मात्र निघतं की आईच्या आजारपणात कोण जवळ होतं आणि कुणाचं लग्न थाटात झालं. त्यावर कोर्ट काहीच देऊ शकत नाही. जिमी-चकच्या त्या सुनावणीतही तेच झालं. चकने शिकागोतल्या गाडीपासून बापाच्या गल्ल्यापर्यंत सगळं ओकून टाकलं, तेव्हा समोरच्या तिघा सदस्यांचे चेहरे बघा. त्यांना घरफोडीबद्दल विचारायचं होतं.

रामबागची

सगळ्यांचं वाचलं. मला एक गोष्ट कुणीच बोलताना दिसत नाही, म्हणून थोडं कडक लिहिते.

त्या कोर्टात मरी श्रेडर बसलेली आहे. तिचा नवरा हँक आणि त्याचा सहकारी गोमेझ हे ड्रग्जविरोधी खात्यातले अधिकारी, जिमीचा अशील वॉल्टर व्हाइट याच्या धंद्यापायी वाळवंटात मारले गेले आणि पुरले गेले. गोमेझची बायकोही तिथेच आहे. याच भागात आधी, तडजोडीच्या बैठकीत, जिमी मरीच्या तोंडावर स्वतःला बिचारा बळी म्हणवणारी अख्खी कहाणी रचून सांगतो. आणि सरकारी वकिलाला म्हणतो की ज्यूरीतला एक जण पटला तरी बास. तो प्रसंग मला बघवत नाही.

मग कबुलीची वेळ येते तेव्हा कॅमेरा कुणाकडे? किमकडे. आणि दिव्याकडे, म्हणजे चककडे. इथे तुम्ही भांडताय ती कबुली किमसाठी की चकसाठी. त्या दोन बायकांसाठी का नाही? ज्यांची माणसं गेली त्या मागच्या बाकांवर, आणि मालिका भावाभावांचा जुना हिशेब मिटवण्यात गुंतलेली. मालिका मला अतिशय आवडते. तिला एमीची ५३ नामांकनं मिळून एकही पुरस्कार मिळाला नाही, हा मी अन्यायच मानते. पण शेवटाला पूर्ण गुण देणार नाही.

राजेंद्रनगरकर

रामबागची ताई, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यांत वजनदार आहे. माझं उत्तर असं की हँक-गोमेझबद्दल जिमीने कोर्टात जे सांगितलं ते कायद्याने विचारलेलं होतं. त्याची शिक्षा ८६ वर्षांत आली, मरीला न्याय न्यायाधीशाने दिला. चकचा गुन्हा कुठल्याच कलमात बसत नव्हता, त्याला न्याय देणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो जिमीला बोलावा लागला.

काळा कोट, तुमच्या क्रमाबद्दल. किम आली म्हणून त्याने तोंड उघडलं, हे खरं. पण किमला वाचवण्यापुरतं बोलून तो बसू शकत होता. तो आणखी पुढे का गेला? उत्तर त्याच भागातल्या जुन्या प्रसंगांत आहे. वेळेत मागे जाता आलं तर कुठे जाशील, हा प्रश्न जिमी त्याच्या धंद्यातला साथीदार, माजी पोलीस माइक याला विचारतो, वॉल्टर व्हाइटला विचारतो. माइक सांगतो, ज्या दिवशी पहिल्यांदा लाच घेतली त्या दिवशी. वॉल्टर सांगतो, कंपनी सोडली तेव्हा. आणि जिमी स्वतः काय सांगतो? एकदा शेअर बाजारात पैसे लावायला जाईन, दुसऱ्यांदा म्हणे लोकांना फसवायला पडण्याचं नाटक करताना गुडघा दुखावला तो दिवस. दोन्ही वेळा टाळाटाळ. तिसरा प्रसंग चकचा. जिमी सामान घेऊन आलाय. चक म्हणतो, थांब ना जरा, तुझ्या केसेसबद्दल सांग. जिमी म्हणतो, कशाला, मी काय चुकतोय ते सांगायला? आणि जायला निघतो. कंदिलाच्या उजेडात टेबलावर वेळेच्या यंत्राची जुनी कादंबरी पडलेली आहे. म्हणजे तो प्रश्न जिमीला चकच्याच टेबलावर मिळाला होता. इतरांना तो विचारत हिंडत होता, आणि त्याचं स्वतःचं उत्तर या घरात होतं.

आणि नाव. न्यायाधीश त्याला गुडमन म्हणते, तेव्हा तो म्हणतो, माझं नाव मॅकगिल, जेम्स मॅकगिल. पहिल्याच भागात चक त्याला काय सांगत होता? मॅकगिल हे नाव फर्मच्या पाटीवर आहे, तू जाहिरातीत वेगळं नाव वापर. जिमीने पुढे खरोखर वेगळं नाव घेतलं आणि त्या नावाने काय काय केलं ते आपण पाहिलं. शेवटी तो भावाचं नाव परत मागून घेतो. किमसाठी त्याला त्या नावाची गरज नव्हती.

थोरली

नावाचा मुद्दा मला फार पटला. आणि कंदिलाच्या प्रसंगात चक जे करतो ते प्रत्येक मोठं भावंड करतं हेही लिहा. जवळ बसवायचं असतं, पण तोंडातून निघतो तो सल्लाच.

धाकटी पाती

आणि प्रत्येक धाकटं भावंड त्या सल्ल्याला घाबरून दारातूनच परत जातं, ताई.

नावाबद्दल माझं वेगळं मत. कोर्टात तो जेम्स मॅकगिल झाला, पण तुरुंगाच्या बसमध्ये सगळे कैदी त्याला सॉल म्हणूनच ओळखतात, त्याच्या नावाचा गजर करतात. मॅकगिल हे नाव आत कुणाच्या कामाचं नाही. त्याला शेवटी खऱ्या नावाने कोण हाक मारतं? किम. ती जुन्या वकिली ओळखपत्रावर आत येते आणि तिचा पहिला शब्दच ‘जिमी’. जेम्स नाही, मॅकगिल नाही. आईने मारली होती तीच हाक.

म्हणून भावांचा हिशेब मिटला असं मी मानणार नाही. तो मिटायला जिमीला कळायला हवं होतं की आई जाताना त्याचं नाव घेत होती. चकने सांगितलं नाही, आणि चक गेल्यावर ते सांगणारं कुणी उरलंच नाही. ६३ भाग संपले, आपल्या सगळ्यांना माहीत आहे, जिमीला नाही. त्याने आपल्या बाजूची कबुली दिली. चकच्या बाजूची अजून बाकी आहे.

राजेंद्रनगरकर

आईचं कळलं असतं तर त्याने कोर्टात चकचं नाव वेगळ्या सुरात घेतलं असतं का? मला वाटतं, नाही. त्याला चककडून काही मिळण्याची आशा संपल्यावरच तो हे बोलला, आणि म्हणूनच मी त्या कबुलीला पहिल्या कबुलीपेक्षा मोठी मानतो.

काळा कोट

मी अजूनही किमवरच ठाम आहे. पण दादा, नावाचा मुद्दा माझ्याकडून खोडला गेला नाही. पहिला भाग आज रात्री पुन्हा लावतो, चक नेमक्या कुठल्या शब्दांत ते नाव सोडायला सांगतो ते बघून उद्या लिहितो.